हाताने गोधडी शिवताना रिंग घ्यावी की चौकट? कमी खर्चात योग्य निवड करण्याची रीत

हाताने गोधडी शिवायची ठरवली की कापडानंतरचा मोठा खर्च चौकटीचा, असं बहुतेकांनी गृहीतच धरलेलं असतं. पायांवर उभी, लांबलचक दांड्यांची लाकडी चौकट कुठेतरी पाहिलेली असते आणि तिच्याशिवाय टाका नीट पडणारच नाही असं वाटत राहतं. माझं मत वेगळं आहे. चौकटीचं काम एकच असतं: वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर हे तीन थर टाका पडेपर्यंत एकमेकांवरून सरकू न देणं. पलंगभर गोधडीसाठीसुद्धा हे काम एक चांगली १४ इंची रिंग, म्हणजे कापड मधे धरणारी, एकात एक बसणारी दोन वर्तुळं, करते. पैसे मोजायचे ते पकडीसाठी. मोठ्या आकाराची खरोखर गरज फार थोड्यांना पडते, आणि ती पडलीच तर मोठी चौकट चार लाकडी पट्ट्यांपासून घरी उभी करता येते.

खरेदीआधी आपला टाका ओळखा

गोधडीला हाताने टाके घालण्याच्या ढोबळमानाने तीन रीती आहेत. तिन्हींना चौकटीकडून हवं असतं ते वेगवेगळं, म्हणून आधी हे ठरवा.

पहिली रीत सुई झुलवत टाके घेण्याची. एक हात गोधडीच्या वर, दुसरा खाली. सुई सरळ उभी टोचायची, खालच्या बोटाला टोक जेमतेम जाणवलं की सुई मागे कलती करून टोक वर आणायचं, पुन्हा उभी करायची. असे तीन-चार टाके सुईवर चढले की मधल्या बोटातल्या अंगुस्तानाने ढकलून दोरा एकदम ओढून घ्यायचा. बारीक आणि एकसारखे टाके याच रीतीने सर्वांत लवकर साधतात. पण त्यासाठी कापडात थोडा झोळ लागतो. ताठ ताणलेल्या कापडात सुई कलतीच होत नाही.

दुसरी रीत एकेक टाका खाली-वर घेण्याची: सुई वरून खाली पूर्ण काढायची, मग खालून वर. वेळ जास्त लागतो, पण भरण जाड असेल, शिवणींचे थर एकावर एक आले असतील किंवा मनगट कलतं करायला त्रास होत असेल तर हीच रीत सोयीची. इथे कापड बऱ्यापैकी ताणलेलं चालतं. मात्र दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे रिंगला कशाचा तरी आधार हवा.

तिसरी रीत मांडीवर घेऊन साधा धावदोरा घालण्याची. रिंग नाही, चौकट नाही. डाव्या हाताने कापड सुईवर चढवत जायचं. जपानमधल्या साशिको कामात बहुतेक असंच शिवतात. भरण पातळ असेल, टाके थोडे मोठे आणि दोरा जाड असेल तर ही रीत उत्तम चालते. अशा कामासाठी काहीही विकत घेऊ नका. थर मात्र कच्च्या टाक्यांनी दाट जोडलेले हवेत.

आपली रीत कोणती हे कळत नसेल तर जुन्या कापडाचे दोन आणि भरणाचा एक असे तीन थर २० इंच चौरस कापा, कच्चे टाके घाला आणि तिन्ही रीती करून पाहा. सुई आखूड घ्या. गोधडीच्या हातशिलाईच्या आखूड सुया ‘बिटवीन्स’ या नावाने मिळतात; त्यांचा क्रमांक वाढतो तशी सुई लहान होते. नवशिक्यांनी ८ किंवा ९ पासून सुरुवात करावी. १० ते १२ क्रमांकाच्या सुया हात बसल्यावर. हा तीन थरांचा नमुना टाकून देऊ नका. रिंग निवडताना तोच उपयोगी पडणार आहे.

हात किती आत पोचतो ते मोजा

मोठी रिंग घेतली म्हणजे ती वारंवार हलवावी लागणार नाही, हा विचार ऐकायला बरोबर वाटतो. प्रत्यक्षात मर्यादा ठरते ती आपल्या खालच्या हाताच्या पोचेवरून. रिंगची अलीकडची कड पोटाशी टेकलेली असते आणि खालचा हात तिच्याखालून मध्यापर्यंत, मध्याच्या थोडा पुढेही, सहज जायला हवा. १४ इंची रिंगचा मध्य कडेपासून ७ इंचांवर येतो. १८ इंचीत ९ इंच. २२-२३ इंची रिंगमध्ये खांदा पुढे ओढला जातो आणि वर गोधडीचं वजन येतं, त्यामुळे ती स्टँडशिवाय घेण्यात अर्थ नाही.

खर्च न करता तपासण्याचा उपाय सोपा आहे. जाड पुठ्ठ्यातून १२, १४ आणि १८ इंची वर्तुळं कापा, मध्यावर खूण करा. नेहमीच्या खुर्चीत बसून एकेक वर्तुळ पोटाशी धरा, वर घडी केलेली चादर टाका आणि खालचा हात खुणेखाली पाचेक मिनिटं ठेवा. खांद्यात ताण येऊ लागला तर तो आकार तुमचा नाही. बहुतेकांचं उत्तर १४ वर येतं. लहान अंगकाठीच्या किंवा खांदेदुखी असलेल्या व्यक्तींना १२ इंची जास्त मानवते, आणि ती हलवायला दोन मिनिटं जास्त लागली तरी बिघडत नाही.

रिंग निवडताना काय पाहायचं

भरतकामाची रिंग आणि गोधडीची रिंग दिसायला सारखीच: दोन वर्तुळं, एकात एक बसणारी, बाहेरच्याला स्क्रू. पण भरतकामाची रिंग एका पातळ कापडासाठी असते. तिचं लाकूड उंचीला आणि जाडीला कमी असतं, स्क्रू आखूड असतो. तीन थर घातले की एकतर बाहेरचं वर्तुळ बसतच नाही, किंवा बसलं तर स्क्रूची पत्र्याची पट्टी लाकडातून उपटून येते. गोधडीसाठीची रिंग ‘क्विल्टिंग हूप’ म्हणून विकली जाते. तिची कड पाऊण ते एक इंच उंच असते आणि स्क्रू लांब असतो.

हातात घेऊन पाहता आली तर सर्वांत आधी ती सपाट टेबलावर ठेवा आणि कडेवर बोटाने दाबा. डुगडुगली तर लाकूड पिळलंय. अशी रिंग एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल धरते. मग दोन्ही वर्तुळं एकात एक बसवून उजेडाकडे धरा. फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी उजेड जास्त आला तर तिथून कापड सरकणार.

यानंतर स्क्रू. माझ्या मते रिंगची किंमत ठरवणारा भाग हाच, कारण जाडजूड थरांवर रिंग घट्ट करताना सगळा जोर तिथे येतो. स्क्रू धातूचा हवा. तो पूर्ण सैल केल्यावर नमुन्याचे तिन्ही थर जोर न लावता बसायला हवेत आणि नटला धरायला पुरेसे आटे उरायला हवेत. स्क्रू ज्यात अडकतो ते दोन ठोकळे लाकडाचे असतील तर नुसते चिकटवलेले आहेत की खिळ्यांनी किंवा रिव्हेटने बसवलेले आहेत ते पाहा. नुसता गोंद फार दिवस टिकत नाही. पत्र्याची पट्टी असेल तर तिच्या कडा कापडाला ओरबाडतील इतक्या धारदार नकोत.

शेवटी दोन्ही वर्तुळांवरून आतून-बाहेरून बोट फिरवा. बारीक कुसं लागली तर सँडपेपरने घासून निघतात, त्यासाठी चांगली रिंग नाकारू नका. बीचसारखं कठीण लाकूड उत्तम. पातळ बांबूच्या स्वस्त रिंगा टाळाव्यात, असं मी स्पष्ट सांगेन. त्या घट्ट करताना अंडाकृती होतात आणि पकड दोन ठिकाणी सुटते. प्लास्टिकची रिंग पातळ थरांवर चालते, जाड भरणावरून ती उडते. धातूच्या स्प्रिंगची रिंग गोधडीसाठी बनलेलीच नाही.

ऑनलाइन मागवताना कडेची उंची आणि स्क्रूची लांबी वर्णनात शोधा. फक्त व्यास दिलेला असेल आणि बाजूने काढलेला फोटो नसेल तर ती बहुधा भरतकामाचीच रिंग असते. आल्यावर नमुना बसवून लगेच तपासा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी निर्णय घ्या.

आकार गोल की लंबगोल? पहिली रिंग गोल घ्या, कारण ताण सगळीकडे सारखा राहतो. लंबगोल रिंग लांबट नक्षीला बरी, पण लांब बाजूंच्या मध्यावर तिची पकड ढिली पडते.

आतलं वर्तुळ गुंडाळून घ्या

रिंग साधी असो वा महाग, हे काम केल्याशिवाय ती वापरू नका. अर्धा ते पाऊण इंच रुंदीची सुती पट्टी घ्या. विकतची नाडीपट्टी चालते, नाहीतर जुन्या पांढऱ्या सुती कापडाची उरेब, म्हणजे तिरपी, पट्टी कापा. उरेब पट्टी वळणावर छान बसते. रंग जाणारं कापड वापरू नका.

पट्टीचं टोक आतल्या वर्तुळाच्या आतल्या बाजूला दोन टाक्यांनी अडकवा. मग पट्टी तिरपी धरून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत पूर्ण वर्तुळ गुंडाळा. पट्टी ओढून धरा, सैल वेढे पुढे सरकतात. शेवटचं टोक पुन्हा आतल्या बाजूलाच शिवून टाका म्हणजे गाठ कापडाच्या बाजूला येत नाही. सुती पट्टीमुळे कापड घसरत नाही, म्हणून स्क्रू कमी आवळावा लागतो आणि भरणही कमी दबतं. लाकडाचा रंग किंवा चिकटपणा अस्तराला लागत नाही. मध्यम प्रतीची रिंग गुंडाळल्यावर चांगल्या रिंगेइतकी पकड देते, हा माझा ठाम अनुभव आहे. गुंडाळीमुळे जाडी वाढते, तेव्हा स्क्रू पुरेसा लांब हवा हे पुन्हा आलंच.

गोधडी रिंगमध्ये बसवण्याची पद्धत

रिंगवर काम करायचं तर थर आधी कच्च्या टाक्यांनी जोडायलाच हवेत. सेफ्टी पिना नकोत; त्या नेमक्या रिंगच्या कडेखाली येतात, कापडाला भोक पाडतात आणि दर वेळी काढाव्या-लावाव्या लागतात. मध्यापासून कडेकडे, साधारण ४ इंच अंतरावर, उभ्या-आडव्या ओळींत लांब कच्चे टाके घाला. अस्तर आणि भरण वरच्या कापडापेक्षा चारही बाजूंनी ३-४ इंच मोठं ठेवा.

आतलं वर्तुळ टेबलावर ठेवा. गोधडीचा मधला भाग त्यावर पसरा आणि तळहाताने खालून अस्तर सारखं करा. स्क्रू सैल करून बाहेरचं वर्तुळ वरून बसवा. स्क्रू आपल्यापासून दूरच्या बाजूला राहू द्या, नाहीतर दोरा त्यात अडकत राहतो. आता स्क्रू थोडा आवळा, गोधडी उलटी करून अस्तराला चुणी पडली नाही ना ते पाहा, मग पूर्ण आवळा. चुणी निघत नसेल तर रिंग काढून पुन्हा बसवा. कापड कडेने ओढून चुणी घालवण्याचा प्रयत्न केला की ती दोन इंच पुढे सरकते एवढंच, आणि तिरप्या दिशेने ओढलं तर तुकड्यांचे चौकोन वाकडे होतात.

भरतकाम करणाऱ्यांच्या हाताला कापड ताठ ताणण्याची सवय असते. गोधडीत ती सोडावी लागते. सुई झुलवत शिवणार असाल तर रिंग आवळल्यावर मध्यभागी तळहाताने हलकेच दाबा, म्हणजे कापड जरासं सैल होईल. किती सैल? खालून बोटाचं टोक लावलं तर वर लहानसा उंचवटा उठला पाहिजे आणि सुई त्या उंचवट्यावरून आत-बाहेर जाताना अडखळायला नको. उंचवटा उठलाच नाही तर ताण जास्त आहे. कापड हातात गोळा होऊ लागलं तर सैलपणा जास्त झाला. दोन-तीनदा बसवलं की हाताला अंदाज येतो.

शिवण मध्यापासून बाहेरच्या दिशेने न्या. थरांतला जास्तीचा झोळ कडेकडे सरकत जातो आणि शेवटी कडेलाच निघून जातो. रिंगच्या कडेपाशी पोचल्यावर दोरा संपवून गाठ मारू नका. सुई तशीच दोऱ्यासकट बाजूला अडकवून ठेवा, दुसरी सुई घेऊन पुढची ओळ शिवा आणि रिंग पुढे सरकवल्यावर त्याच दोऱ्याने ओळ चालू ठेवा. नक्षी खडूने काढत असाल तर एका रिंगपुरतीच काढा. रिंग हलवताना खडूची रेघ घासून पुसली जाते.

प्रत्येक बैठकीनंतर रिंग काढून ठेवणं हा नियम मोडू नका. रात्रभर दाबलेल्या कापडावर गोल वळ उठतो, आणि दबून राहिलेलं भरण, खास करून पॉलिस्टरचं, तिथे चपटं पडतं. फुगीर तुकडे, मखमल, वर शिवलेली जाड फुलं यांवरून रिंगची कड नेऊच नये.

कडा आणि कोपरे

गोल रिंगची खरी अडचण गोधडीच्या कडेला येते. वर्तुळाचा अर्धा भाग कापडाबाहेर राहतो आणि पकड जाते. यासाठी अर्धगोल रिंग मिळते, जिची सरळ बाजू कापडी पट्टीने गोधडीच्या कडेला जोडतात. ती छान असते, पण फक्त कडेसाठी वेगळा खर्च करण्याची गरज नाही. जुन्या चादरीच्या ८-१० इंच रुंद पट्ट्या फाडा आणि गोधडीच्या चारही कडांना, तिन्ही थरांना धरून, लांब कच्च्या टाक्यांनी जोडा. आता रिंगला धरायला कापड मिळतं आणि कोपऱ्यापर्यंत टाके तसेच येतात. शिवण संपली की पट्ट्या उसवून टाका, मग गोट लावा. पट्टीची जाडी गोधडीपेक्षा कमी असते, म्हणून पकड सैल वाटली तर पट्टी दुहेरी-तिहेरी घ्या.

पीव्हीसी नळ्यांची चौकोनी चौकट

ज्यांना रिंग आवळताना मनगट दुखतं किंवा भरण जाड वापरायचं असतं, त्यांच्यासाठी नळ्यांची चौकट मला रिंगपेक्षाही सरस वाटते. चार नळ्या, चार काटकोनी जोड आणि नळ्यांवर कापडासकट बसणाऱ्या चार अर्धवट उघड्या नळ्या, एवढंच तिचं अंग. तयार मिळते, ‘क्यू-स्नॅप’ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ११ इंच आणि १७ इंच चौरस हे तिचे मांडीवर घेऊन शिवण्याजोगे आकार आहेत. रिंगसारखाच इथेही हात किती पोचतो हा प्रश्न आहे, म्हणून १७ इंची घेण्याआधी पुठ्ठ्याची चाचणी करा.

घरी करायची तर नळजोडणीच्या कामात वापरतात तो अर्धा किंवा पाऊण इंची जाड पीव्हीसी पाइप आणि त्याच मापाचे चार एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, घ्या. ११ ते १४ इंचांचे चार समान तुकडे कापा. तुकडे एका लांबीचे नसतील तर चौकट पिळते, म्हणून पहिला कापलेला तुकडाच इतरांसाठी माप म्हणून वापरा. एल्बोत बसवा, गोंद लावू नका. सुटी राहिली तर चौकट मोडून पिशवीत ठेवता येते आणि पुढे लांब नळ्या घालून मोठीही करता येते.

पकडीसाठी एक माप मोठ्या पाइपचे चार तुकडे कापा, प्रत्येक चौकटीच्या बाजूपेक्षा दोनेक इंच आखूड, म्हणजे एल्बोला अडत नाही. प्रत्येक तुकड्याला लांबीच्या दिशेने चीर पाडून साधारण एक तृतीयांश परीघ काढून टाका. उरलेला भाग निम्म्याहून जास्त हवा, नाहीतर तो नळीला धरत नाही. पूर्ण तुकडे कापण्याआधी दोन इंचाच्या तुकड्यावर प्रयोग करा: तीन थर नळीवर ठेवून वरून दाबा. बसलाच नाही तर आणखी थोडी कड काढा, घसरला तर दुसऱ्या मापाचा पाइप घ्या. पाइपची जाडी उत्पादकागणिक बदलते, त्यामुळे हा प्रयोग टाळू नका.

कापलेल्या सगळ्या कडा सँडपेपरने गुळगुळीत होईपर्यंत घासा. पाइपवर छापलेली अक्षरंही घासून काढा, ती शाई फिकट कापडाला लागू शकते. घासताना नाकाला मास्क लावा आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसा.

या चौकटीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ताण लगेच बदलता येतो. पकडीची नळी बोटांनी बाहेरच्या बाजूला फिरवली की कापड ताणतं, आत फिरवली की सैल होतं. स्क्रू नाही, आवळणं नाही. दोष एवढाच की नळ्या जाड असल्याने हातात धरायला रिंगइतक्या सुबक वाटत नाहीत. टेबलाच्या कडेवर टेकवली की तीही तक्रार उरत नाही.

मोठी चौकट हवीच असेल तर

काही कामांना पूर्ण चौकट खरोखर सोयीची पडते: दोघी-तिघींनी मिळून शिवायचं असेल, किंवा जमिनीवर वाकून कच्चे टाके घालणं शक्य नसेल. अशांसाठी चार पट्ट्यांची चौकट हा जुना आणि सर्वांत स्वस्त मार्ग. २ इंच रुंद, १ इंच जाड अशा चार सरळ लाकडी पट्ट्या आणि कोपऱ्यांवर लावायला चार सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे इंग्रजी ‘सी’ आकाराचे लोखंडी चाप), एवढं साहित्य. पट्ट्यांची लांबी गोधडीच्या त्या बाजूपेक्षा फूटभर जास्त घ्या. लाकूड घेताना पट्टी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहा. धनुष्यासारखी वाकलेली असेल तर बाजूला ठेवा.

प्रत्येक पट्टीच्या आतल्या कडेला जाड सुती कापडाची दुहेरी पट्टी स्टेपलने किंवा लहान खिळ्यांनी ठोका आणि तिच्या मध्यावर पक्की खूण करा. अस्तराच्या चारही बाजूंचे मध्य काढून ते या खुणांना जुळवा, मग मध्यापासून दोन्ही टोकांकडे टाचत जा. पट्ट्या चौकोनात मांडून कोपरे क्लॅम्पने आवळा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण समान आले तरच चौकट काटकोनात आहे. अस्तर सपाट झालं की त्यावर भरण, त्यावर वरचं कापड पसरून कडेने टाचा. चौकट चार खुर्च्यांच्या पाठींवर किंवा दोन टेबलांवर टेकवली की झालं. थर आधीच ताणलेले असल्याने कच्च्या टाक्यांची गरज उरत नाही.

इथे शिवण्याची दिशा रिंगच्या उलट असते. कडेपासून सुरुवात करून हात पोचेल तेवढं, साधारण फूट-दीड फूट, आत शिवायचं. मग त्या बाजूचे दोन क्लॅम्प सैल करून शिवलेला भाग पट्टीवर गुंडाळायचा, पुन्हा कर्ण मोजून आवळायचं आणि पुढे जायचं. याच्या पुढची पायरी म्हणजे गुंडाळीची चौकट. इंग्लंडच्या उत्तर भागात आणि वेल्समध्ये घराघरांत वापरली गेलेली चौकट अशीच होती: निवारीची पट्टी ठोकलेल्या दोन लांब दांड्या, आणि त्यांना दूर धरणाऱ्या, भोकं पाडलेल्या दोन चपट्या पट्ट्या. भोकांत खुंट्या घालून ताण कमी-जास्त करायचा. अशी चौकट एखादा सुतार सहज करून देतो, आणि वापरात नसताना ती चार काठ्यांइतकीच जागा घेते. उत्तर अमेरिकेत लहान घरांमध्ये चौकट दोरांनी छताला टांगत आणि काम थांबलं की वर ओढून घेत.

गुंडाळीच्या चौकटीत दोन बाजू दांड्यांवर असतात, पण उरलेल्या दोन मोकळ्या राहतात आणि तिथे कापड लोंबतं. सुती पट्टी बाजूच्या लाकडाभोवती फिरवून काही-काही इंचांवर गोधडीच्या कडेला टाचत न्या, म्हणजे ताण चारही बाजूंनी येतो. दर गुंडाळीनंतर ही पट्टी काढून पुन्हा लावावी लागते.

दातेरी चाकांची, पायांवर उभी राहणारी तयार चौकट घ्यायची तर जुनी शोधा. कारण साधं आहे: ती बऱ्याच जणांच्या घरात जागा अडवते म्हणून निघते, झिजली म्हणून क्वचितच. तिची रुंदी गोधडीपेक्षा किमान फूटभर जास्त हवी, आणि दोन्ही बाजूंना बसा-उठायला जागा धरून खोलीत बसते का ते आधी जमिनीवर टेपने आखून पाहा. जुनी पाहायला जाताना दांड्या जमिनीवर ठेवून लोळवा. लोळताना मध्यभाग उड्या मारत असेल तर दांडी वाकलीय, आणि वाकलेल्या दांडीवर गोधडी मधे सैल, टोकांना घट्ट गुंडाळली जाते. दातेरी चाक दोन्ही दिशांना फिरवून बघा, घसरता कामा नये. लाकडाला कीड नसावी, दांड्यांवरचं कापड मात्र फाटलेलं असलं तरी चालेल, ते बदलता येतं.

आधार, उजेड, खुर्ची

रिंगला स्टँड लागतोच असं नाही. टेबलाच्या कडेला बसा, रिंगची पलीकडची कड टेबलावर आणि अलीकडची मांडीवर टेकवा. रिंग आपोआप कलती राहते, खालचा हात मोकळा होतो आणि गोधडीचं सगळं वजन टेबल उचलतं. हे वजन महत्त्वाचं आहे. गोधडी जमिनीकडे लोंबत राहिली तर रिंगमधला ताण सतत बदलतो आणि मान-खांदे थकतात. टेबल नसेल तर बाजूला एक जादा खुर्ची ठेवून तिच्यावर घडी टाका.

खुर्ची बिनहाताची घ्या. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी दिवा डाव्या बाजूला ठेवावा, डावखुऱ्यांनी उजव्या, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. एकेक टाका खाली-वर घेणाऱ्यांना स्टँडचा खरा फायदा होतो, कारण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात. स्टँड घेताना रिंग पुढे-मागे कलती करता येते का आणि कलती केल्यावर ती तिथेच टिकते का, हे गोधडीचं वजन टाकून तपासा. नुसत्या रिकाम्या रिंगला धरून ठेवणारे स्टँड पुष्कळ असतात. तुमच्या रिंगची कड त्यात मावते का तेही पाहा, कारण अनेक स्टँड फक्त भरतकामाच्या पातळ रिंगांसाठी बनवलेले असतात.

हातात थोडेच पैसे असतील तर माझा क्रम असा राहील: आधी बोटात नीट बसणारं अंगुस्तान आणि चांगल्या सुया, मग १४ इंची रिंग किंवा घरी केलेली नळ्यांची चौकट, त्यानंतर दिवा. स्टँड आणि मोठी चौकट एखादी गोधडी पूर्ण झाल्यावर, जेव्हा आपण रोज कुठे आणि किती वेळ बसतो हे कळलेलं असतं.